ओप्पिगे पत्रावर, म्हणजे संमतीपत्रावर, सही करायच्या आधी एवढं वाचा, अक्का

अक्का, नमस्कार. तुमचं पत्र मिळालं, सोबत पाठवलेले कागदाचे फोटोपण मोठे करून नीट वाचले. बाकीच्या वाचकांना कळावं म्हणून आधी थोडक्यात सांगते. अक्कांचं माहेर बेळगाव तालुक्यातलं, 1991 ला लग्न होऊन चंदगड तालुक्यात दिल्या. माहेरी आजोबा-पणजोबांपासून चालत आलेली 6 एकर 10 गुंठे जमीन, गावात जुनं घर, आणि वडिलांनी नोकरीच्या पगारातून घेतलेला एक प्लॉट. वडील 1998 ला वारले, मृत्यूपत्र वगैरे काही केलं नव्हतं. मागे आई, दोन भाऊ, दोन बहिणी. 2011 ला भावांनी वर्दी, म्हणजे नोंद बदलायची लेखी खबर, देऊन सगळी जमीन दोघांच्या नावावर फोडून घेतली, आणि हे अक्कांना कळलं गेल्या वर्षी, रिंग रोडच्या नोटिसा फक्त भावांच्या नावानं आल्या तेव्हा. आता रस्त्यात जाणाऱ्या दीड एकराची भरपाई यायची आहे म्हणून मोठा भाऊ कन्नडमधलं टाईप केलेलं ओप्पिगे पत्र घेऊन चंदगडला आला, सही कर, पन्नास हजार चोळीला देतो म्हणाला. धाकट्या बहिणीनं आधीच सही करून टाकली आहे. वर भावानं तीन गोष्टी सांगितल्या: "तुझं लग्न 94 च्या आधीचं, तुला कायद्यानं काय बसत नाही", "बाबा 2005 च्या आधी गेले", आणि "बाबांनीच 97 ला तोंडी वाटणी करून दिली होती, तुला ठाऊक नाही". आई म्हणते मी जिवंत हाय तोवर भांडू नका. आणि अक्का विचारतात, मला खरंच काही बसतं का, आणि मागितलं तर माहेर तुटेल का.

बसतं. पाचवा हिस्सा बसतो. माहेराचं पुढे बोलते, पण त्याआधी तो कागद, कारण माझा जीव तिथंच अडकलाय.

तुम्ही लिहिलंय की भाऊ म्हणाला फक्त रस्त्याच्या पैशासाठी संमती पाहिजे, सगळ्या बहिणी देतात. अक्का, फोटोतलं दुसरं पान बघा. खाली शेड्यूल म्हणून जे छापलंय त्यात तीन सर्व्हे नंबर आहेत, घराचा पंचायत नंबर आहे आणि प्लॉटपण आहे. रस्त्यात जातोय तो यातला फक्त एक सर्व्हे नंबर, तोही पूर्ण नाही. म्हणजे दीड एकराच्या भरपाईचं नाव सांगून सही सगळ्या इस्टेटीवर मागितली जातेय. आणि पहिल्या पानावर मधल्या परिच्छेदात कन्नडमध्ये असं लिहिलंय की वडिलांच्या हयातीतच वाटणी झालेली आहे, ती मला मान्य आहे, आणि माझा हिस्सा मला लग्नात दागिन्यांच्या रूपात मिळालेला आहे. हे वाक्य उगाच आलेलं नाही. भावांकडे 97 च्या वाटणीचा एकही कागद नाही, ती उणीव तुमच्या सहीनं भरून काढायची आहे. उद्या कोर्टात तुम्ही काहीही सांगितलं तरी समोरचा वकील हा कागद पुढं करणार, की बघा, बाईंनी स्वतःच कबूल केलंय.

आपल्याकडं हे फार होतं. आपल्या बायका मराठी शाळेत शिकलेल्या, कन्नड बोलायला थोडंफार जमतं पण वाचता येत नाही, आणि कागद सगळे कन्नडमध्ये. मग भाऊ किंवा भावाचा माणूस जे सांगेल तेच त्या कागदात आहे असं धरून सही होते. माझं कळकळीचं सांगणं आहे, भाऊ कितीही प्रेमाचा असू दे, कागद आपल्या माणसाकडून ओळ न् ओळ मराठीत वाचून घेतल्याशिवाय आणि शेड्यूल तपासल्याशिवाय अंगठा काय नि सही काय, द्यायची नाही.

आता 94 चं. ही गोष्ट भावानं मनानं रचलेली नाही, एके काळी खरीच होती. कर्नाटकानं हिंदू वारसा कायद्यात स्वतःची दुरुस्ती केली ती 30 जुलै 1994 पासून लागू झाली, मुलीला जन्मानं मुलासारखाच हक्क दिला पण त्या तारखेच्या आधी लग्न झालेल्या मुलींना बाहेर ठेवलं. महाराष्ट्रातपण तशीच दुरुस्ती झाली, तिथली तारीख 22 जून 1994. तुम्ही लिहिलंय की चंदगडकडं एक तारीख सांगतात आणि माहेरी दुसरी, तर त्याचं कारण हे आहे, आणि सीमेवर सोयरिकी असल्यामुळं या दोन तारखांचा घोळ आपल्या घराघरात आहे. पण आज दोन्ही सोडून द्या. 9 सप्टेंबर 2005 पासून केंद्राची दुरुस्ती देशभर लागू झाली, हिंदू वारसा कायद्याचं कलम 6 बदललं, आणि त्यात लग्न कधी झालं याची अटच नाही. लग्न झालेली, न झालेली, 1956 च्या आधी जन्मलेली, नंतर जन्मलेली, सगळ्या आल्या. आणि तुम्ही महाराष्ट्रात राहता, आधार तिकडचं, रेशनकार्ड तिकडचं, यानं काही बिघडत नाही. कायदा एकच आहे, फक्त जमीन जिथं आहे तिथल्या कोर्टात जावं लागतं, म्हणजे बेळगावात.

दुसरी गोष्ट, बाबा 2005 च्या आधी गेले. हीपण हवेतून आलेली नाही आणि हिची मुळं तर आपल्या बेळगावातच आहेत. फुलवती नावाच्या एका मुलीनं 1992 साली बेळगावच्या दिवाणी कोर्टात भावांविरुद्ध वाटणीचा दावा लावला, वडील 1988 लाच वारलेले. तो दावा चालत चालत सुप्रीम कोर्टात गेला आणि ऑक्टोबर 2015 मध्ये निकाल लागला की 9 सप्टेंबर 2005 ला वडील आणि मुलगी दोघंही हयात असतील तरच नवीन हक्क मिळणार. म्हणजे 23 वर्षं भांडून नव्या कायद्याचा हक्क त्या बाईला मिळालाच नाही. तो निकाल आपल्या भागातला म्हणून इथल्या वकिलांच्या, तलाठ्यांच्या, गावच्या पंचांच्या तोंडात एवढा बसला की आजही तोच सांगतात. पण 11 ऑगस्ट 2020 ला सुप्रीम कोर्टाच्याच तीन न्यायमूर्तींच्या खंडपीठानं विनीता शर्मा प्रकरणात तो विचार रद्द केला. मुलीचा हक्क जन्मानं येतो, वडिलांच्या मरणाच्या तारखेनं नाही, वडील 2005 ला हयात असायची गरज नाही, मुलगी हयात असली म्हणजे झालं. भावाला कुणी 2015 चा निकाल दाखवला तर त्याला 2020 चा दाखवा.

हिस्सा पाचवा कसा ते सांगते, कारण तुमच्या भावानं आकड्यांचा उल्लेखच टाळलाय. वडील, आई, चार मुलं अशी सहा जणं धरून आधी सहा वाटे करा, आपल्याकडं जुन्या मुंबई इलाख्याची पद्धत चालते त्यात वाटणीच्या वेळी आईलापण मुलाएवढाच वाटा. मग वडिलांचा सहावा भाग आई आणि चार मुलं अशा पाच जणांत सारखा. हिशेब केला की प्रत्येकाला एकूण पाचवा भाग येतो. कर्नाटकातल्याच दानम्मा प्रकरणात अगदी असंच कुटुंब होतं, विधवा आई, दोन मुलगे, दोन मुली, वडील 2001 ला वारलेले, आणि फेब्रुवारी 2018 मध्ये सुप्रीम कोर्टानं प्रत्येकी पाचवा हिस्सा दिला. म्हणजे तुमच्या 6 एकर 10 गुंठ्यात तुमचे होतात 1 एकर 10 गुंठे. रस्त्यात जाणाऱ्या 60 गुंठ्यांत 12 गुंठ्यांची भरपाई तुमची. रिंग रोडच्या पट्ट्यातल्या 12 गुंठ्यांची भरपाई आणि पन्नास हजाराची चोळी, तुम्हीच शेजारी शेजारी ठेवून बघा.

आणि आईचा वाटा? आई 78 वर्षांची, थोरल्याकडं राहते, तिचं नाव ना 2011 च्या वर्दीत ना या कागदात. तिचे 1 एकर 10 गुंठे तिचे स्वतःचे पूर्ण मालकीचे आहेत. तिनं काही लिहून न ठेवता डोळे मिटले तर ते चारी मुलांत सारखे वाटले जातात. आई म्हणते भांडू नका, पण आईलापण कुणी सांगितलेलं नाही की तीपण यात हिस्सेदार आहे.

प्लॉटचं सोपं आहे. वडिलांची स्वकष्टाची कमाई, मृत्यूपत्र नाही, म्हणजे कलम 8 प्रमाणं आई आणि चारी मुलांना सारखं. हे 1956 पासून असंच आहे, त्यात 94 नाही, 2005 नाही, लग्नाची तारीख तर नाहीच. घरातपण पाचवा हिस्सा, पूर्वी भावांनी वाटणी काढल्याशिवाय राहत्या घराची वाटणी मुलीला मागता येत नव्हती, ते कलम 23 सुद्धा 2005 ला काढून टाकलं. लग्नात दागिने दिले, खर्च केला, ते हिश्श्यातून वजा होत नाही.

खरी लढाई तोंडी वाटणीवर होणार आहे, म्हणून इथं जरा नीट वाचा. कायदा म्हणतो 20 डिसेंबर 2004 च्या आधी झालेली वाटणी मोडता येत नाही, पण ती रजिस्टर दस्तानं किंवा कोर्टाच्या हुकुमानं झालेली पाहिजे. तोंडी वाटणी कोर्ट सहसा मानत नाही. 2020 च्या निकालात फक्त अपवाद म्हणून दार ठेवलंय, तेही वाटणीला त्या काळचे सरकारी कागद भक्कम आधार देत असतील तर. नुसत्या साक्षीदारांच्या बोलण्यावर नाही. आता तुमच्या घरचं बघा. वाटणी 97 ची म्हणतात, फेरफार 2011 चा. मधली 14 वर्षं उतारा कुणाच्या नावावर होता? वडिलांच्याच नावावर राहिला असेल, किंवा 1998 नंतर वारसा लागला असेल तर त्यात कुणाकुणाची नावं आहेत? वारसा फेरफारात चारी मुलांची आणि आईची नावं लागलेली असली तर 97 ला वाटणी झाली होती हे म्हणणं तिथंच लंगडं पडतं. उलट 97-98 च्याच सुमाराला वेगळी पीक नोंद, वेगळा सारा, दोघांच्या वेगळ्या खात्यावर पीकेपीएसचं (गावच्या शेती पतसंस्थेचं) वेगळं कर्ज असं काही निघालं तर भावांची बाजू मजबूत होईल, हेही तुम्हाला आधीच माहीत असलेलं बरं. म्हणून वकिलाकडं जायच्या आधी कागद काढा.

नाडकचेरीतून (तिथल्या महसूल ऑफिसातून) 1995 पासून आजपर्यंतचे पहाणी उतारे, म्हणजे तुमच्याकडच्या सातबारासारखे, काढा, जुने हस्तलिखित लागतील, भूमी या सरकारी जमीन-नोंदींच्या कॉम्प्युटरात सगळे मिळणार नाहीत, ते तहसीलदार ऑफिसच्या रेकॉर्ड रूममधून अर्ज करून मिळतात. उताऱ्यात कॉलम 9 मध्ये खातेदाराची नावं आणि 11 मध्ये बोजा, दोन्ही बघा. 1998 नंतरचा वारसा फेरफार आणि 2011 चा वर्दीचा फेरफार, दोन्हीच्या नकला घ्या, आणि 2011 च्या फेरफाराला जी वंशावळ जोडली होती ती मागाच मागा. त्यात दोन बहिणींची नावं होती की गाळली होती हे फार महत्त्वाचं ठरतं. सब-रजिस्ट्रारकडून ईसी, म्हणजे मालमत्तेवरच्या नोंदलेल्या व्यवहारांचा दाखला, काढा म्हणजे मधे कुठं विक्री, बक्षीसपत्र झालंय का कळेल. 1956 च्या आधीचे उतारे मिळाले तर ते मराठीत, बरेचदा मोडीत असतात, कारण तेव्हा बेळगाव मुंबई राज्यात होतं. जमीन वडिलोपार्जित आहे हे दाखवायला त्यांचा उपयोग होतो, मोडी वाचणारा शोधून लिप्यंतर करून घ्या. जमिनीतला काही भाग कुळकायद्यात फॉर्म 7 भरून आजोबांच्या किंवा वडिलांच्या एकट्याच्या नावावर लागलेला असेल तर घाबरू नका, एकत्र कुटुंब कसत होतं म्हणून मिळालेली जमीन कोर्ट कुटुंबाचीच धरत आलंय.

कागद जमायला वेळ लागेल, पण एक काम या आठवड्यातच करा. भरपाई ज्या भूसंपादन अधिकाऱ्याकडून वाटली जाणार त्याचं नाव-पत्ता नोटिशीवर आहे, त्याला लेखी अर्ज द्या की या सर्व्हे नंबरात मी, माझी बहीण आणि आई हिस्सेदार आहोत, उताऱ्यावर फक्त भावांची नावं असली तरी वाटणी झालेली नाही, वाटपाबद्दल वाद आहे. राष्ट्रीय महामार्ग कायद्यात कलम 3एच आहे, कुणाला किती यावर वाद असेल तर अधिकाऱ्यानं तो दिवाणी कोर्टाकडे पाठवायचा असतो. अर्जाची पोच घ्या, शिक्का मारून. पैसे एकदा भावांच्या खात्यात गेले की मागे फिरणं फार अवघड, जमीन जाग्यावर राहते पण पैसा राहत नाही.

फेरफार रद्द करायला प्रांतांकडं अपील करा असं तुम्हाला कुणीतरी सांगेल. करता येतं, पण माझं मत विचाराल तर त्यात वर्षं घालवू नका. फेरफारानं मालकी मिळत नाही आणि जात पण नाही, तो साऱ्यासाठीचा रेकॉर्ड, आणि शेवटी प्रांतसुद्धा मालकीचा वाद दिवाणी कोर्टात न्या म्हणूनच सांगणार. दावा वाटणीचाच लावायचा. मुदत 12 वर्षांची, आणि ती आपल्याला हिश्श्यातून वगळलंय हे कळल्यापासून मोजतात. भाऊ म्हणणार 2011 पासून, तुम्ही म्हणणार गेल्या वर्षीपासून. तुम्हाला 2011 ला नोटीस आली नव्हती, सही घेतली नव्हती, तर तुमचं म्हणणं टिकण्यासारखं आहे, तरी उशीर अजिबात नको. वकिलाच्या फीची काळजी लिहिली आहे तुम्ही, तर बाईमाणसाला मोफत वकील मिळण्याचा कायदेशीर हक्क आहे, उत्पन्न कितीही असो. बेळगावच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात अर्ज करा, हेल्पलाईन 15100 आहे.

आता माहेर. अक्का, मी तुम्हाला खोटं सांगणार नाही, हिस्सा मागितला की काही दिवस भाऊ बोलत नाही, भावजय तोंड फिरवते, भाऊबीजेला फोन येत नाही, असं पुष्कळ घरात झालेलं मी बघितलंय. पण ज्या बायकांनी न वाचता सही केली आणि चार वर्षांनी त्याच जमिनीत प्लॉट पडलेले बघितले, त्यांच्या मनातलं माहेरपण तेव्हाच तुटलेलं असतं, फक्त बोलून दाखवत नाहीत. तुम्हाला भावांना सोडायचं असेल तर जरूर सोडा, तो तुमचा अधिकार आहे आणि त्यात मोठेपणाच आहे, पण 1 एकर 10 गुंठे सोडतेय हे माहीत असताना सोडा. तुला काही बसतच नाही असं सांगून घेतलेली सही म्हणजे दान नाही, ती फसवणूक आहे, आणि मला त्याचाच राग येतो.

भावांच्या बाजूनंपण बोलते. त्यांनी 25 वर्षं ती जमीन कसली, बोअर मारली, आईला सांभाळलं, ऊस घालताना कर्ज काढलं. हे खरं असेल तर ते मान्य करा आणि तोंडानं बोलून दाखवा, तिथूनच बोलणं सुरू होतं. तुम्हाला चंदगडहून येऊन शेती करायची नाही असं तुम्हीच लिहिलंय. मग असं सुचवा की रस्त्याच्या भरपाईत तुमचा पाचवा भाग पूर्ण, प्लॉटमधला हिस्सा पैशात, आणि राहिलेली शेती भावांनाच, किंवा तिचा काही मोबदला हप्त्यानं. आईचा हिस्सा तिच्याच नावावर, ती जिवंत आहे तोवर तिच्या औषधपाण्याला. जे ठरेल ते रजिस्टर करायचं, स्टॅम्प पेपरवर लिहून नोटरी करून नाही. मोठ्या मामांना किंवा ज्यांचं दोघंही ऐकतात अशा कुणाला मधे घ्या. कोर्टात गेलं तरी हीच तडजोड मध्यस्थी केंद्रात होऊ शकते. दावा लावला म्हणजे भांडण पेटवलं असं नाही, कित्येकदा दावा लागल्यावरच भाऊ पहिल्यांदा सरळ बसून बोलतो. आणि दावा चालू असताना भावांनी जमीन विकली तरी घेणाऱ्यावर कोर्टाचा निकाल बंधनकारक राहतो.

भाऊ परत आला तर भांडू नका. म्हणा, "दादा, कागद ठेवून जा, मी वाचून घेते, शेड्यूलमध्ये रस्त्याचाच नंबर ठेव आणि वाटणी झाली हे वाक्य काढ, मग बसून बोलू." त्याचा हेतू खरंच फक्त भरपाईचा असेल तर त्याला हे दोन बदल करायला काहीच अडचण नाही.

आणि धाकट्या बहिणीला आजच फोन करा. तिनं सही केलेला कागद नोटरीचा आहे की सब-रजिस्ट्रारकडं जाऊन, फोटो आणि अंगठा देऊन रजिस्टर केलेला, एवढंच विचारा. नुसता नोटरीचा असेल तर तेवढ्यानं तिचा हिस्सा गेला नाही, कारण स्थावर मालमत्तेतला हक्क सोडायचा तर दस्त रजिस्टर व्हावाच लागतो. पण वाटणी झाल्याचं वाक्य त्यात आहे म्हणून तिनं लगेच वकिलामार्फत भावांना नोटीस देऊन कळवावं की कागद मला वाचून दाखवला नव्हता, मला तो मान्य नाही. रजिस्टर केला असेल तर तो रद्द करून घ्यायला फसवणूक कळल्यापासून 3 वर्षांच्या आत कोर्टात जावं लागतं, तेव्हा तिनं तुमच्यासोबतच वकिलाकडं यावं, दोघींचा दावा एकत्र लागू शकतो.